गाठ शिकवताना कुठे उभे राहावे?

पत्राचा सारांश: एका स्थानिक स्काऊट गटाचे प्रमुखपद सहा वर्षांपासून सांभाळणाऱ्या वाचकाचे हे पत्र आहे. गटात कब (लहान मुले) आणि स्काऊट (त्यांच्याहून मोठी मुले) असे दोन विभाग आहेत, दोन्ही मिळून ४६ मुले-मुली आहेत. कागदावर नऊ प्रौढ स्वयंसेवक आहेत, पण दर आठवड्याला नेमाने येणारे चारच. गेल्या दोन वर्षांत ११ नवे स्वयंसेवक आले, त्यांत बहुतेक मुलांचे पालक होते, आणि त्यांतले सात जण सहा महिन्यांच्या आत गेले. प्रत्येकासाठी दोन दिवसांचे प्रशिक्षण ठेवलेले असते. त्यात आठ तासांची व्याख्याने होतात आणि शेवटी जाडजूड पुस्तिका दिली जाते. अगदी अलीकडे एक आई सातव्या आठवड्यानंतर यायची थांबली. 'वेळ जमत नाही' एवढाच तिचा निरोप आला, आणि गटाची शिट्टी अजून तिच्याकडेच आहे. गटातले एक ज्येष्ठ सहकारी २० वर्षांपासून काम करतात. ते नवख्यांच्या हातातले काम काढून घेतात आणि अधूनमधून मुलांवर ओरडतात. माणसे कमी पडली की एखाद्या नव्या पालकाला एकट्यालाच दहा-बारा मुलांबरोबर पाठवावे लागते. पत्रलेखकाचे प्रश्न तीन आहेत: प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय कोणालाही काम देऊ नये असा नियम करावा का? ज्येष्ठ सहकाऱ्यांशी कसे बोलावे? आणि लोकांमध्ये सेवाभावच उरलेला नसताना आपण अवास्तव अपेक्षा ठेवतो आहोत का?

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. 'शेवटी सगळे माझ्यावरच येते' हे वाक्य त्यात चार वेळा आले आहे. ते मोजण्यामागे दोष दाखवण्याचा हेतू नाही. सहा वर्षे दर आठवड्याला मैदानावर उभ्या राहणाऱ्या माणसाला थकण्याचा पूर्ण अधिकार आहे. पण त्या वाक्याकडे मी उत्तराच्या शेवटी परत येणार आहे, कारण मला वाटते की तुमच्या तिन्ही प्रश्नांची मुळे तिथेच गुंतलेली आहेत.

सुरुवात तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून करतो. सेवाभाव उरलेला नाही, असा निष्कर्ष तुम्ही सात जण गेले यावरून काढला आहे. मला मात्र त्याआधीचा आकडा अधिक बोलका वाटतो: दोन वर्षांत ११ माणसे, कोणत्याही मानधनाशिवाय, आपली संध्याकाळ द्यायला आपण होऊन आली. सेवाभाव आटला असता तर ती आलीच नसती. ती आली आणि मग गेली, म्हणजे येणे आणि जाणे यांच्या मधल्या काळात काहीतरी घडले किंवा घडायला हवे होते ते घडले नाही. 'वेळ जमत नाही' हे आपल्याकडचे सर्वांत सोयीचे कारण आहे; ते ऐकून कोणी दुखावत नाही आणि पुढे कोणी काही विचारत नाही. त्या आईचा वेळ पहिल्या आठवड्यात जमत होता, सहाव्यात जमत होता आणि आठव्यात जमेनासा झाला. तिच्या घड्याळात काही बदल झाला असेलही, पण तिच्या मैदानावरच्या संध्याकाळी कशा गेल्या, हे आधी पाहायला हवे.

त्या संध्याकाळींचे वर्णन तुम्हीच पत्रात, बहुधा नकळत, केले आहे. पहिले दोन आठवडे ती हजेरीची वही घेऊन भिंतीजवळ उभी होती, कारण बाकी सगळे ठरलेल्या पद्धतीने चालले होते आणि तिला काय द्यावे हे कोणाला सुचले नाही. चौथ्या आठवड्यात एक सहकारी आजारी पडले आणि तिच्यावर अख्खा कब विभाग आला. पाचव्या आठवड्यात ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तिच्या हातातली दोरी घेतली आणि 'राहू द्या, मी करतो' म्हणाले. म्हणजे आधी रिकामेपण, मग एकदम महापूर, आणि त्यानंतर सर्वांसमोर अपमान. तोही अशा माणसाकडून ज्याला आपण अपमान करतो आहोत याची कल्पनाही नसावी. दोन दिवसांचे प्रशिक्षण आणि जाड पुस्तिका या तीन अनुभवांपैकी कशालाही पुरी पडली नाही, आणि पडणारही नव्हती.

मी स्वतः या कामात शिरलो तेव्हाची एक संध्याकाळ मला अजून आठवते. माझ्या हातात शिट्टी देऊन 'आजचा खेळ तुम्ही घ्या' असे सांगण्यात आले. समोर २४ कब होते. मी नियम सांगू लागलो. तिसऱ्या नियमापर्यंत मागची रांग मोडली, पाचव्यापर्यंत निम्मी मुले झाडाकडे पळाली होती, आणि मी शिट्टी फुंकत राहिलो, जी कोणाला ऐकूच येत नव्हती. आमच्या पथकात एक वयस्क सहकारी होते. ते चालत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, शिट्टी मागितली नाही, मुलांकडे पाहतच हळूच म्हणाले, 'नियम एकच सांगा, आणि लगेच सुरू करा. बाकीचे खेळताना सांगता येतील.' तसे केल्यावर खेळ कसाबसा उभा राहिला. सभा संपल्यावर दोऱ्या गुंडाळताना त्यांनी एवढेच विचारले, 'नेमका कोणत्या क्षणी खेळ हातातून सुटला, लक्षात आले का?' मी विचार करून सांगितले. त्यांनी मान हलवली आणि आपली दोरी गुंडाळत राहिले. त्या दहा मिनिटांत मी जे शिकलो, ते नंतरच्या कित्येक व्याख्यानांत शिकलो नाही, आणि त्या दिवशी ते शेजारी आले नसते तर मीही पुढच्या आठवड्यात वेळ जमत नसल्याचा निरोप पाठवला असता.

तुम्ही मुलांना रीफ गाठ शिकवली असेलच. उजवे टोक डाव्यावर, मग डावे उजव्यावर. शिकवणारा मुलांच्या समोर उभा राहिला की त्याचे उजवे हे त्यांचे डावे होते. मूल अर्धे कानाने ऐकते, अर्धे डोळ्यांनी पाहते, आणि त्या गोंधळात दुसरा वेढाही पहिल्याच दिशेने पडून सरकणारी, भरवशाची नसलेली गाठ तयार होते. मग आपण म्हणतो, मुलाचे लक्ष नाही. अनुभवी स्काऊटमास्तर काय करतो? तो मुलाच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभा राहतो आणि आपली दोरी त्याच्या दोरीच्या बाजूला धरतो. शब्द तेच, गाठ तीच, पण आता उजवे म्हणजे दोघांचेही उजवे असते. मुलांच्या बाबतीत हे आपल्याला सहज उमगते, मोठ्यांना शिकवायची वेळ आली की मात्र आपण खुर्च्यांच्या रांगा मांडतो आणि समोर जाऊन उभे राहतो.

वास्तविक या चळवळीचा जन्मच याच्या उलट पद्धतीत झाला आहे. १९०७ च्या ऑगस्टमध्ये चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर जे प्रायोगिक शिबिर भरवले, त्यात सुमारे २० मुलांचे चार संघ केले होते आणि प्रत्येक संघाचा एक नायक नेमून त्याच्यावर खरी जबाबदारी टाकली होती. संघपद्धतीचे सूत्र तेव्हापासून तेच आहे: लहान गट, प्रत्यक्ष कृती, पेलवेल इतकी पण खरीखुरी जबाबदारी, आणि आपल्यापेक्षा एकच पाऊल पुढे असलेला जोडीदार. पुढे स्काऊटर, म्हणजे मुलांना मार्गदर्शन करणारे प्रौढ, तयार करण्याची वेळ आली तेव्हा, १९१९ च्या सप्टेंबरमध्ये, लंडनजवळच्या गिलवेल पार्कमध्ये वुड बॅज या प्रौढ-प्रशिक्षणाचा पहिला अभ्यासक्रम झाला आणि त्यात १९ प्रौढ प्रशिक्षणार्थी होते. त्यांनाही संघांत विभागून, तंबूत राहून, मुले जे करतात ते स्वतः करूनच शिकावे लागले. आजही वुड बॅजचे दोन लाकडी मणी केवळ शिबिरात हजर राहून मिळत नाहीत. त्याआधी आपल्या पथकात काम करून दाखवावे लागते. म्हणजे प्रशिक्षण वर्गात सुरू होते आणि मैदानावर पूर्ण होते, हे या चळवळीने शंभर वर्षांपूर्वीच मान्य केलेले आहे. तुमच्या गटात मुलांना स्काऊट पद्धत मिळते, प्रौढांना मात्र फक्त व्याख्यान मिळते. माझ्या मते गळतीचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. प्रशिक्षण पूर्ण झाल्याशिवाय काम देऊ नये, असा सरसकट नियम केलात तर उत्साहाने आलेला माणूस तीन महिने वाट पाहील आणि थंड होईल. काहीच अट ठेवली नाही तर मुलांची सुरक्षितता पणाला लागेल. म्हणून प्रशिक्षणाच्या दोरीचे दोन तुकडे करावे लागतील. काही गोष्टी अशा आहेत की त्या समजल्याशिवाय कोणीही मुलांसमोर पहिल्या दिवशीसुद्धा उभे राहता कामा नये, आणि बाकीच्या गोष्टी काम करता करताच शिकाव्या लागतात.

पहिल्या प्रकाराबद्दल मी सौम्यपणे लिहिणार नाही. नव्या पालकाला एकट्यालाच मुलांबरोबर पाठवणे आजपासून बंद करा. माणसे कमी आहेत ही अडचण खरी आहे, पण त्याचे उत्तर कार्यक्रम रद्द करणे किंवा दोन्ही विभाग त्या दिवसापुरते एकत्र आणणे हे आहे. एकटा प्रौढ आणि दहा मुले हे उत्तर होऊ शकत नाही. जागतिक स्काऊट संघटनेच्या 'सेफ फ्रॉम हार्म' या धोरणाचा गाभा मुलांना सुरक्षित वातावरण देणे हा आहे, आणि जगभरच्या राष्ट्रीय संघटना त्यातून आपापले नियम करतात. तुमच्या संघटनेचे नियम मिळवा, पण ते हाती येईपर्यंतही काही गोष्टी निर्विवाद आहेत. कोणत्याही कार्यक्रमात किमान दोन जबाबदार प्रौढ असावेत. एखाद्या मुलाशी खासगी बोलायचे असेल तर ते इतरांना दिसेल अशा जागी बोलावे. एकट्या मुलाशी मोबाइलवर खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये. शिबिरात प्रौढांची झोपण्याची जागा मुलांपासून वेगळी असावी. नव्या माणसाची ओळख, पूर्वानुभव आणि दोन जणांचा हवाला तपासल्याशिवाय त्याला घेऊ नये, मग तो कितीही परिचित पालक असो. अशी तपासणी म्हणजे अविश्वास, असे काहींना वाटते. ती सर्वांसाठी सारखी ठेवली आणि स्वतःपासून सुरू केली की ही कुरकुर थांबते.

याच पहिल्या भागात आणखी एक गोष्ट येते, जी बहुतेक प्रशिक्षणांत घाईने उरकली जाते. एखादे मूल विश्वासाने काही वाईट घटना सांगू लागले तर काय करायचे? शांतपणे ऐकायचे, 'कोणाला सांगणार नाही' असे वचन द्यायचे नाही, कारण ते पाळता येणार नाही, उलटतपासणी करायची नाही, मुलाने वापरलेलेच शब्द लिहून ठेवायचे आणि त्याच दिवशी गटाने ठरवून दिलेल्या व्यक्तीला सांगायचे. ती व्यक्ती कोण, हे प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्या दिवशी माहीत हवे. हे सगळे, प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे आणि कोणत्या मुलाला कोणती ॲलर्जी आहे यासकट, दीड-दोन तासांत समोरासमोर सांगून होते. तुमच्या आठ तासांपैकी हे दोन तास ठेवा. चळवळीचा इतिहास, बिल्ल्यांच्या पायऱ्या, गणवेशाचे बारकावे आणि समारंभांचे नियम वाट पाहू शकतात. पुस्तिका घरी न्यायला द्या. ती कोणी वाचत नाही हे मनाशी मान्य करा.

उरलेले सहा तास मग कुठे जातात? ते पुढच्या तीन-चार महिन्यांत, दहा-दहा मिनिटांच्या तुकड्यांनी, मैदानावर जातात. प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला एक जोडीदार द्या. तो गटप्रमुख नसावा, आणि फार वर्षांचा अनुभवीही नसावा. वर्षभरापूर्वी आलेला, आपण काय काय विसरलो होतो हे अजून न विसरलेला माणूस उत्तम. पहिल्या सभेत नव्या माणसाने फक्त पाहावे, पण रिकाम्या हाताने पाहू नये. एका संघाबरोबर बसावे आणि त्या सात-आठ मुलांची नावे पाठ करून घरी जावे, एवढेच काम द्यावे. दुसऱ्या-तिसऱ्या सभेत जोडीदाराबरोबर एक खेळ घ्यावा. पाचव्या-सहाव्या सभेपर्यंत अर्धी सभा त्याच्याकडे असावी आणि जोडीदार शेजारी असावा. दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस एक पूर्ण सभा त्याने आखावी, आणि ती आखताना त्याला फसायची मुभा असावी. खेळ फसला तर मुले पळतात, इतकेच होते.

सभा संपल्यावरची दहा मिनिटे या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि नेमकी तीच आपण कुलूप लावण्याच्या घाईत गमावतो. साहित्य आवरता आवरता दोन प्रश्न विचारायचे: आज काय जमले, आणि पुढच्या वेळी काय वेगळे कराल? उत्तर नव्या माणसाने द्यायचे आहे, तुम्ही नाही. तुम्हाला दहा चुका दिसल्या असतील. त्यांतली एकच, पुढच्या आठवड्यात सुधारता येईल अशी, सांगायची. बाकीच्या नऊ स्वतःजवळ ठेवण्यासाठी जो संयम लागतो, तो मला जमायला बरीच वर्षे लागली.

काही कौशल्ये मात्र एकदा शिकून भागत नाही. प्रथमोपचार हे त्याचे सरळ उदाहरण आहे: हृदय बंद पडलेल्या माणसाला छातीदाब देण्याचा वेग मिनिटाला १०० ते १२० हवा, हे वर्गात सर्वांना जमते, पण सराव नसेल तर काही महिन्यांतच हात विसरू लागतात, प्रमाणपत्राची मुदत बाकी असली तरीही. त्यामुळे स्वयंसेवकांच्या मासिक बैठकीची पहिली १५ मिनिटे कशाच्या ना कशाच्या प्रत्यक्ष सरावाला ठेवा. एका महिन्यात छातीदाब, दुसऱ्यात हरवलेल्या मुलाचा शोध कसा आखायचा, तिसऱ्यात दोन मुलांचे भांडण जुंपल्याचा प्रसंग. हिशेब आणि सूचना नंतर. तुमची मासिक बैठक होते का, याचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. होत नसेल तर महिन्यातून एक साप्ताहिक सभा कमी करून ती सुरू करा. मुलांचे त्यात नुकसान नाही.

आता कामाच्या कडांबद्दल. माणसे काम जास्त आहे म्हणून जितकी जातात, त्याहून अधिक ते कुठे संपते हे न कळल्यामुळे जातात, असे माझे निरीक्षण आहे. 'दर आठवड्याला दोन तास' असे सांगून तुम्ही पालकांना बोलावता. प्रत्यक्षात सभेची तयारी, साहित्य, पालकांचे फोन आणि वर्षातून दोन-तीन शिबिरे धरली तर सरासरी पाच तासांच्या घरात जाते. हे पाच तास पहिल्याच भेटीत सांगा. काही जण तिथेच नाही म्हणतील, आणि ते सातव्या आठवड्यात नाही म्हणण्यापेक्षा दोघांसाठीही बरे आहे. जे हो म्हणतील त्यांच्याशी एका पानावर लिहून ठरवा: काम काय, किती तास, जोडीदार कोण, गटाकडून काय मिळेल, आणि मुदत किती. मुदत एक वर्षाची असावी. जागतिक स्काऊट संघटनेच्या प्रौढांविषयीच्या धोरणात हाच विचार आहे: आधी परस्पर करार, मग काम करताना पाठबळ, आणि मुदतीच्या शेवटी एकत्र बसून आढावा. त्या आढाव्यातून तीनच वाटा निघतात. तेच काम पुढे चालू ठेवणे, दुसरे काम घेणे किंवा मानाने निवृत्त होणे. तिसरी वाट उघडी आहे हे ज्याला माहीत असते, तो पहिली वाट अधिक मोकळ्या मनाने निवडतो. ज्या गटातून बाहेर पडण्याचा एकमेव मार्ग म्हणजे एक दिवस न येणे हा असतो, तिथे माणसे तसेच करतात.

आणि सगळ्यांनी मुलांसमोर उभे राहिलेच पाहिजे असे नाही. तंबूंची देखभाल, हिशेब, परवानग्यांचे अर्ज, पालकांना निरोप पाठवणे ही कामे घरबसल्या करणारा माणूस तुमचे आठवड्याचे तीन तास वाचवतो. गेलेल्या सातांपैकी किमान दोघे अशा कामात रमले असते, असे तुमच्या वर्णनावरून वाटते.

संख्येचा प्रश्न तरीही उरतो, म्हणून इतर पर्यायांबद्दल थोडक्यात. पालकांची पाळी लावणे हा अनेक गट निवडतात तो मार्ग. जादा हात म्हणून तो चांगला, पण दर आठवड्याला चेहरा बदलला की मुले कोणावरच विसंबत नाहीत, म्हणून त्याला नेतृत्वाचा पर्याय समजू नका. गटातूनच मोठे झालेले तरुण हा दुसरा स्रोत. त्यांना पद्धत हाडीमासी मुरलेली असते, मुलांना ते आवडतात, मात्र शिक्षण-नोकरीसाठी ते दोन वर्षांत जातील हे धरूनच चालावे. शिवाय कालपर्यंतच्या सवंगड्यांसमोर आज जबाबदार प्रौढ म्हणून उभे राहणे सोपे नसते, ती सीमारेषा त्यांना कोणीतरी स्पष्ट आखून द्यावी लागते. तिसरा पर्याय तुम्हाला आवडणार नाही: नवा प्रवेश सहा महिने थांबवा. प्रतीक्षायादीतल्या मुलांबद्दल वाईट वाटेल, पण चार माणसांवर ४६ मुलांचा भार असताना सत्तेचाळिसावे घेणे हा त्या मुलावरचा उपकार नाही. प्रतीक्षायादीतल्या पालकांना मात्र खरे कारण सांगा. तुमचा पुढचा स्वयंसेवक त्यांच्यातूनच येण्याची शक्यता मोठी आहे.

ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या बाबतीत तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एका वाक्यात लिहिल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. मुलांवर ओरडणे ही एक, आणि नवख्यांच्या हातातले काम घेणे ही दुसरी. पहिलीला ज्येष्ठतेची सवलत नाही. पुढच्या वेळी असे घडले तर त्याच दिवशी, मुले गेल्यावर, एकांतात बोला. 'तुम्ही नेहमी असे करता' असे न म्हणता 'आज तंबू पडल्यावर तुम्ही त्या मुलाला सर्वांसमोर जे बोललात, ते आपल्या गटात चालणार नाही' असे नेमके बोला. ते मुलांना घालूनपाडून बोलत राहिले, तर २० वर्षांचे काम असले तरी त्यांना मुलांसमोरच्या कामातून बाजूला करावे लागेल, आणि तो निर्णय एकट्याने न घेता गट समितीत घ्यावा.

दुसरी गोष्ट मला निराळी दिसते. २० वर्षे गाठी बांधलेल्या हातांना समोर चुकीची गाठ पडताना पाहवत नाही. त्यात अहंकार असेलही, पण भीतीही असते: नव्यांना सगळे येऊ लागले तर आपली गरज काय? गेल्या काही वर्षांत कोणी त्यांचे आभार मानले आहेत का, त्यांच्याकडे काही मागितले आहे का? त्यांना विचारा की त्यांच्याजवळच्या कोणत्या गोष्टी गटात राहायला हव्यात. मग संघनायकांना आणि प्रौढांना दोरकाम व शिबिरबांधणी शिकवण्याची स्वतंत्र जबाबदारी, ठरावीक तारखांना, त्यांच्याकडे द्या आणि एकच अट घाला: शिकणाऱ्याच्या हातातली दोरी घ्यायची नाही, स्वतःची वेगळी दोरी घेऊन शेजारी उभे राहायचे. हे जमते का ते दोन-तीन महिने पाहा. तोपर्यंत त्यांना नव्या स्वयंसेवकांचे जोडीदार मात्र नेमू नका. अनुभवी म्हणून ते पहिले नाव सुचेल, पण तो मोह टाळा.

शेवटी त्या चार वेळा आलेल्या वाक्याकडे. 'शेवटी सगळे माझ्यावरच येते' हे खरे आहे, पण ते येण्याची एक वाट तुम्हीही मोकळी ठेवली आहे. पत्रातच तुम्ही लिहिले आहे की नव्या माणसाने केलेला शिबिराचा आराखडा तुम्ही रात्री जागून पुन्हा लिहिला, 'कारण तोवर सांगत बसण्यापेक्षा स्वतः करणे सोपे होते'. ज्येष्ठ सहकारी दोरी घेतात, तुम्ही आराखडा घेता. एखाद्या संघनायकाने आपल्या संघाचे सगळे काम स्वतःच उरकले तर तुम्ही त्याला मानसभेत, म्हणजे संघनायकांच्या बैठकीत, काय सांगाल, याचा विचार करा. तो आराखडा ८० टक्के बरा होता, असे तुम्हीच लिहिता. ८० टक्के बऱ्या आराखड्यावर शिबिर होऊ द्यायला हवे होते, सुरक्षिततेपुरते पाहून.

तुमच्या शेजारीही कोणी उभे नाही, हेही मला दिसते. तुमच्या संघटनेच्या वरच्या पातळीवर प्रशिक्षणाची जबाबदारी असलेले लोक असतात. त्यांना अहवाल पाठवण्यापलीकडे, एका सभेला येऊन फक्त पाहायला बोलवा. जवळपासच्या दुसऱ्या गटाच्या प्रमुखाशी महिन्यातून एकदा बोलायचे ठरवा. आणि स्वतःसाठीही मुदत लिहा: दोन वर्षे, समजा. त्या मुदतीत उपप्रमुख म्हणून एकाला बरोबर घेऊन सगळी कुलुपे, सगळे अर्ज, सगळे फोन नंबर त्याला दाखवायचे.

तुमच्या अपेक्षा अवास्तव नाहीत. त्या मोठ्याने सांगितल्या गेलेल्या नाहीत, एवढेच. आणि जे कोणी सांगितलेलेच नाही त्यात कमी पडल्याची भावना घेऊन माणसे घरी गेली.

त्या आईला या आठवड्यात फोन करा. परत या असे म्हणू नका. तिला सांगा की चौथ्या आठवड्यात तिच्यावर एकटीवर विभाग टाकणे ही गटाची चूक होती, पाचव्या आठवड्यात दोरी काढून घेतली तेव्हा तुम्ही तिथे होता आणि बोलला नाहीत, आणि मग विचारा की कोणत्या संध्याकाळी तिने ठरवले. ती जे सांगेल ते लिहून घ्या. पुढच्या नव्या स्वयंसेवकाचे पहिले दोन महिने आखताना ते उपयोगी पडेल. ती टाळाटाळ करील, तर आग्रह धरू नका. शिट्टीचा विषय मात्र काढू नका, गटासाठी दुसरी घ्या.